ग्रानाडाचा पाडाव

स्पेन देशाच्या दक्षिण भागात सिएरा नेवादा नावाची एक उंच पर्वतरांग आहे. सिएरा नेवादा म्हणजे हिमाच्छादित रांग. उन्हाळा सुरू होईपर्यंत तिच्या शिखरांवर बर्फ असते आणि ते वितळू लागले की त्याचे पाणी शेकडो ओढ्यांनी खाली उतरते. ह्या पर्वताच्या पायथ्याशी, हेनील आणि दार्रो ह्या दोन नद्यांच्या काठी, ग्रानाडा हे शहर वसले आहे. शहरासमोर दूरवर पसरलेल्या सुपीक सपाट प्रदेशाला वेगा म्हणतात. आजूबाजूचा मुलूख उन्हाने करपलेला असताना वेगा मात्र हिरवीगार दिसते. ही हिरवळ केवळ निसर्गाची देणगी नव्हे. ज्यांनी पाट खणून हिमाचे पाणी शेतोशेती नेले, त्या लोकांचे येथे अडीचशे वर्षे राज्य होते. ते राज्य कसे टिकले व कसे बुडाले, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

इ. स. ७११ मध्ये तारीक नावाचा मुसलमान सेनापती आफ्रिकेचा किनारा सोडून, मधली चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये उतरला. ज्या खडकाजवळ तो उतरला, त्याला जबल-तारीक, म्हणजे तारीकचा डोंगर, असे नाव पडले. त्याचाच अपभ्रंश होऊन जिब्राल्टर हे नाव झाले. तारीकने तेथील गॉथ राजाचा पराभव केला आणि थोड्याच वर्षांत जवळजवळ सारा देश मुसलमानी सत्तेखाली आला. उत्तरेकडील डोंगराळ मुलखात तेवढे काही ख्रिस्ती सरदार तग धरून राहिले. आफ्रिकेतून आलेल्या ह्या अरब व बर्बर लोकांना युरोपीय लोक मूर म्हणत. पुढे कॉर्दोबा ही त्यांची राजधानी झाली. दहाव्या शतकात पश्चिम युरोपात कॉर्दोबाची बरोबरी करील असे दुसरे शहर नव्हते. तेथील ग्रंथसंग्रहाची, वैद्यांची व ज्योतिर्विदांची कीर्ती दूरवर पसरली होती.

परंतु इ. स. १०३१ मध्ये कॉर्दोबाची खिलाफत मोडली व तिच्या जागी अनेक लहान लहान राज्ये झाली. ती एकमेकांशी लढू लागली. लढता लढता ती उत्तरेकडील ख्रिस्ती राजांची मदत मागू लागली आणि मदतीबद्दल त्यांना सोने देऊ लागली. शेजाऱ्याचा काटा काढण्यासाठी शत्रूला पोसण्याची ही रीत शेवटी त्यांच्याच अंगाशी आली. १०८५ साली तोलेदो हे मोठे शहर कॅस्टीलच्या ख्रिस्ती राजाने घेतले. १२१२ साली लास नाव्हास दे तोलोसा येथे मूरांचा मोठा पराभव झाला. त्यानंतर १२३६ मध्ये खुद्द कॉर्दोबा व १२४८ मध्ये सेव्हिल पडले. आता उरला तो एकच कोपरा. तो म्हणजे ग्रानाडाचा.

हा कोपरा राखणारा पुरुष मुहंमद इब्न युसूफ हा नसर घराण्यातील होता. इब्न अल-अहमर या नावाने तो ओळखला जाई. १२३८ च्या सुमारास त्याने ग्रानाडा ही आपली राजधानी केली. तो शूर होता, त्याहून अधिक तो धूर्त होता. कॅस्टीलच्या फर्डिनांड राजाशी सामना करण्याचे बळ आपल्यापाशी नाही, हे ओळखून १२४६ मध्ये त्याने हायेन हे शहर राजाच्या स्वाधीन केले, दरसाल खंडणी देण्याचे कबूल केले आणि त्याचे मांडलिकत्व पत्करले. मांडलिक या नात्याने त्याला आपल्याच धर्मबांधवांच्या सेव्हिल शहराच्या वेढ्यात स्वतःचे घोडेस्वार धाडावे लागले. राज्य वाचवण्यासाठी त्याने दिलेली ही किंमत फार जबर होती. त्याच्या घराण्याचे ब्रीद मात्र वेगळेच होते: परमेश्वरावाचून विजयी कोणी नाही. हेच ब्रीद त्याच्या वंशजांनी आपल्या राजवाड्याच्या भिंतीभिंतींवर शेकडो ठिकाणी कोरून ठेवले आहे.

तो राजवाडा म्हणजे अलहंब्रा. अरबी भाषेत अल-हमरा याचा अर्थ तांबडी. तांबूस मातीच्या तटबुरुजांचा हा बालेकिल्ला दार्रो नदीच्या काठच्या उंच टेकडीवर आहे. बाहेरून पाहणाऱ्यास तो केवळ रुक्ष व भक्कम किल्ला वाटतो. आत पाऊल टाकताच मात्र दृष्टी खिळून राहते. पहिला युसूफ व त्याचा पुत्र पाचवा मुहंमद ह्या चौदाव्या शतकातील दोन राजांनी त्यातील उत्कृष्ट दालने बांधली. सिंहांच्या चौकात १२४ सडपातळ संगमरवरी खांब आहेत. मध्यभागी १२ पाषाणसिंहांच्या पाठीवर एक हौद आहे व प्रत्येक सिंहाच्या मुखातून पाण्याची धार पडते. भिंतींवर गच्चाची नक्षी इतकी नाजूक आहे की ती विणलेल्या जाळीसारखी भासते. ह्या सौंदर्याचा खरा प्राण पाणी हा होय. टेकडीवर झरा नव्हता. म्हणून दार्रो नदी सुमारे सहा किलोमीटर वरच्या बाजूस अडवून, डोंगराच्या कडेकडेने उतार साधत पाट काढला व तो टेकडीवर आणला. हे काम इब्न अल-अहमरने आपल्या कारकिर्दीच्या आरंभीच केले. राजवाड्यातील दालने नंतर झाली, पाणी आधी आले.

खाली वेगातही अशाच पाटांचे जाळे होते. पाणी कोणी, कोणत्या वारी, किती वेळ घ्यावे ह्याचे नियम ठरलेले असत. गहू, अंजीर, द्राक्षे, बदाम व डाळिंबे तेथे विपुल होत. समुद्रकाठी ऊस होई. डोंगरउतारावर तुतीची झाडे लावून त्यांवर रेशमाचे किडे पोसत. मालागा बंदरातून हे रेशीम व सुका मेवा इटलीतील जिनोव्हाचे व्यापारी घेऊन जात. मूरांनी स्पेनला दिलेल्या वस्तूंची नावेही स्पॅनिश भाषेत राहिली आहेत. साखरेला स्पॅनिशमध्ये ‘आसूकार’ म्हणतात आणि नारिंगाला ‘नारांखा’ म्हणतात. संस्कृतातील शर्करा व नारंग हे शब्द इराणमार्गे अरबांकडे गेले व अरबांबरोबर स्पेनच्या टोकापर्यंत पोचले. मराठी मुलाच्या तोंडची साखर आणि स्पेनच्या मुलाच्या तोंडचा आसूकार ही अशी एकाच कुळातील भावंडे आहेत.

असे हे राज्य संपन्न होते. पण ते लहान होते. शेजारचे कॅस्टीलचे राज्य त्याच्याहून कितीतरी पट मोठे होते. मग ते अडीचशे वर्षे टिकले कसे? त्याला डोंगरांचा आश्रय होता, हे एक. जिंकलेल्या शहरांतून परागंदा झालेले कारागीर, शेतकरी व योद्धे तेथे येऊन राहिले होते, त्यामुळे मनुष्यबळ दाट होते. आफ्रिकेतील सुलतानांचे साहाय्यही प्रथम मिळत असे. परंतु १३४० साली सालादो नदीवरील लढाईत त्या सुलतानांचा मोड झाला, तेव्हापासून ते जवळजवळ थांबले. सर्वांत मोठे कारण मात्र निराळेच होते. कॅस्टीलमध्ये राजगादीसाठी वारंवार तंटे होत, सरदार राजाला जुमानीत नसत, आणि कॅस्टील व ॲरागॉन ही दोन ख्रिस्ती राज्येही एकमेकांकडे संशयाने पाहत. शत्रूच्या घरात दुही होती म्हणून ग्रानाडाला स्वस्थता होती.

ही दुही एका विवाहाने मिटली. १४६९ साली कॅस्टीलची राजकन्या इझाबेला हिने ॲरागॉनचा राजपुत्र फर्डिनांड ह्याच्याशी लग्न केले. १४७४ मध्ये ती राणी झाली, १४७९ मध्ये तो राजा झाला. दोन्ही राज्यांचे कायदे व खजिने पूर्वीप्रमाणेच निरनिराळे राहिले. पण तलवार एक झाली. राणी करारी व धर्मनिष्ठ होती. राजा थंड डोक्याचा, हिशेबी व मुत्सद्दी होता. बंडखोर सरदारांना कामाला लावण्यास ग्रानाडाच्या मोहिमेसारखा दुसरा उपाय नाही, हे दोघांनीही जाणले होते.

नेमक्या ह्याच वेळी ग्रानाडाच्या राजवाड्यात भाऊबंदकीने घर केले. तेथे अबुल हसन अली हा राजा राज्य करीत होता. त्याची राणी आयेशा ही राजघराण्यातीलच होती; परंतु राजाने पुढे सोराया नावाच्या, युद्धात धरून आणलेल्या व नंतर मुसलमान झालेल्या ख्रिस्ती स्त्रीशी विवाह केला. दोन राण्यांच्या मुलांपैकी गादी कोणाला, या प्रश्नाने दरबारात दोन तट पडले. अशा स्थितीत डिसेंबर १४८१ मध्ये अबुल हसनने एका रात्री अकस्मात छापा घालून साहारा हे ख्रिस्ती सरहद्दीवरील ठाणे घेतले. ह्या विजयाचे उत्तर दोनच महिन्यांत मिळाले. फेब्रुवारी १४८२ मध्ये कादिझच्या सरदाराने ग्रानाडाच्या राज्यात खोलवर घुसून, तटाला शिड्या लावून आल्हामा शहर हस्तगत केले. आल्हामा राजधानीपासून एका मजलेच्या अंतरावर होते. ते परत घेण्यासाठी अबुल हसनने शिकस्त केली, पण त्याला यश आले नाही.

त्याच वर्षी आयेशाचा मुलगा अबू अब्दुल्ला मुहंमद ह्याने बापाविरुद्ध बंड करून राजधानी बळकावली. स्पॅनिश लोक त्याच्या नावाचा उच्चार बोअब्दिल असा करीत, आणि इतिहासात तेच नाव रूढ झाले. बाप मालागाला निघून गेला. १४८३ च्या मार्चमध्ये मालागाजवळच्या डोंगरांत शिरलेल्या ख्रिस्ती सैन्याची मूरांनी दाणादाण उडवली. त्या विजयाचे श्रेय बापाच्या पक्षाला, विशेषतः अबुल हसनचा भाऊ अल-झगल ह्याला मिळाले. आपणही काही पराक्रम गाजवावा, नाहीतर लोक आपल्याला मानणार नाहीत, असे तरुण बोअब्दिलला वाटले. तो लगोलग लुसेना शहरावर चालून गेला, हरला आणि शत्रूच्या हाती जिवंत सापडला.

फर्डिनांडने त्याला ठार मारले नाही. त्याला कैदेतही फार दिवस ठेवले नाही. बंदिवान राजापेक्षा सोडून दिलेला राजा आपल्या अधिक उपयोगी पडेल, हे त्याने हेरले होते. मांडलिकत्व, दरसाल १२,००० सुवर्णनाण्यांची खंडणी, ख्रिस्ती कैद्यांची सुटका व स्वतःचा लहान मुलगा ओलीस, इतके कबूल करून घेऊन त्याने बोअब्दिलला परत धाडले. बाप व मुलगा पुन्हा लढू लागले. पुढे अबुल हसन आजारी व दुर्बल झाला, तेव्हा १४८५ मध्ये अल-झगलने राज्य हाती घेतले. मग काका आणि पुतण्या लढू लागले. एके काळी तर अलहंब्रात काका आणि समोरच्या आल्बाईसीन टेकडीवर पुतण्या, अशी एकाच शहरात दोन राज्ये होती व मधल्या गल्ल्यांत नागरिकांचे रक्त सांडत होते. याच दशकात इकडे दक्षिण हिंदुस्थानात बहामनी राज्यही सरदारांच्या चुरशीने फुटत होते आणि १४९० मध्ये अहमदनगरचा मलिक अहमद स्वतंत्र झाला. फरक एवढाच की बहामनी राज्याच्या सीमेवर एकजूट झालेला शत्रू टपून बसलेला नव्हता; ग्रानाडाच्या सीमेवर तो होता.

हा शत्रू घाई करीत नव्हता. ग्रानाडा या शब्दाचा स्पॅनिश भाषेतील अर्थ डाळिंब. या डाळिंबाचे दाणे मी एकेक करून टिपीन, असे फर्डिनांड म्हणाल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याची युद्धपद्धती तशीच होती. दरवर्षी वसंत ऋतूत त्याचे सैन्य मूरांच्या मुलखात शिरे, उभी पिके जाळी, फळझाडे तोडी, गिरण्या पाडी. मग एखादे शहर निवडून त्याला वेढा पडे. पूर्वी डोंगरी किल्ले वर्षानुवर्षे दाद देत नसत. आता मोठमोठ्या तोफा आल्या होत्या. त्या ओढून नेण्यास वाटा नसत, म्हणून हजारो मजूर डोंगर फोडून रस्ते करीत. धान्य, दारूगोळा व खेचरे ह्यांचा पुरवठा इझाबेला राणी स्वतः पाही. जखमी सैनिकांसाठी तंबूंचे रुग्णालय सैन्याबरोबर ठेवण्याची व्यवस्थाही तिने केली होती. उंच कड्यावर वसलेले रोंदा हे शहर अजिंक्य समजले जाई. १४८५ मध्ये तोफांपुढे ते दोन आठवडेही टिकले नाही.

१४८७ च्या मे महिन्यात मालागाला वेढा पडला. मालागा हे राज्याचे प्रमुख बंदर. आफ्रिकी योद्ध्यांच्या एका तुकडीने तेथील हिब्राल्फारो किल्ला विलक्षण जिद्दीने लढवला. शहरात अन्न संपले. लोकांनी घोडे व कुत्री खाल्ली. अल-झगलने वेढा उठवण्यासाठी फौज धाडली, तेव्हा वाटेत तिच्यावर हल्ला झाला. तो ख्रिस्ती सैन्याने केला नव्हता, बोअब्दिलच्या माणसांनी केला होता. असे त्या काळच्या एका स्पॅनिश बखरकाराने नमूद केले आहे. ऑगस्टमध्ये मालागा शरण आले. प्रतिकार फार केला म्हणून तेथील लोकांना क्षमा मिळाली नाही. हजारो स्त्रीपुरुष व मुले गुलाम झाली.

अल-झगलने पुढे बासा शहर सहा महिने लढवले. तो वेढा चालू असताना इजिप्तच्या सुलतानाचे पत्र घेऊन दोन ख्रिस्ती साधू फर्डिनांडकडे आले. ग्रानाडाचे युद्ध थांबले नाही, तर जेरुसलेममधील ख्रिस्ती लोकांना त्याचे परिणाम भोगावे लागतील, अशी त्यात धमकी होती. फर्डिनांडने नम्र उत्तर धाडले आणि वेढा चालू ठेवला. डिसेंबर १४८९ मध्ये बासा पडले. आल्मेरिया व ग्वादिक्स ही शहरेही अल-झगलने स्वाधीन केली आणि तो आफ्रिकेस निघून गेला. काकाचा अडसर दूर झाला. पण आता पुतण्यापाशी ग्रानाडा शहर, वेगा आणि डोंगरांतील काही गावे एवढेच उरले होते.

आता फर्डिनांडने पूर्वीच्या वचनाची आठवण देऊन शहर मागितले. बोअब्दिलने नकार दिला. खरे तर तो देऊ म्हणता, तरी निर्वासितांनी भरून गेलेले ते शहर त्या घडीला ऐकते ना. एप्रिल १४९१ मध्ये शेवटचा वेढा सुरू झाला. जुलैमध्ये एका रात्री ख्रिस्ती छावणीला आग लागून तंबू भस्मसात झाले. तेव्हा राजाराणीने तंबूंच्या जागी दगडाचे नगरच बांधवले. चार वेशींचे ते नगर सुमारे ८० दिवसांत उभे राहिले असे सांगतात. त्याला सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धा, असे नाव दिले. ग्रानाडाच्या तटावरून लोकांना रोज त्या भिंती चढताना दिसत. तंबू ठोकणारा शत्रू कधीतरी परत जातो. घरे बांधणारा जात नाही.

हिवाळा आला, डोंगरवाटा बर्फाने बंद झाल्या, धान्य सरत आले. आफ्रिकेतून मदतीची आशा उरली नाही. बोअब्दिलचे वजीर रात्री गुप्तपणे सांता फे येथे जाऊ लागले. २५ नोव्हेंबर १४९१ रोजी तह झाला. त्या तहाची कलमे पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते, कारण ती मालागाच्या लोकांना मिळालेल्या वागणुकीच्या अगदी उलट आहेत. मूरांनी आपला धर्म पाळावा. त्यांच्या मशिदी व त्यांची इनामे तशीच राहावीत. त्यांचे खटले त्यांच्याच काजींनी त्यांच्याच कायद्याने चालवावेत. कोणासही बळजबरीने ख्रिस्ती करू नये. कोणाचे घरदार हिरावून घेऊ नये. ज्याला आफ्रिकेत जायचे असेल त्याला सुखरूप जाऊ द्यावे. ख्रिस्ती माणसाने मूराच्या घरात भिंतीवरून डोकावूही नये, इतका बारीक विचार त्यात होता. ह्या तहावर राजाने व राणीने सह्या केल्या आणि आपल्या वंशजांनाही तो बंधनकारक राहील असे वचन दिले.

२ जानेवारी १४९२ रोजी ख्रिस्ती सैनिक अलहंब्रात शिरले. वेला नावाच्या उंच बुरुजावर रुप्याचा क्रूस व कॅस्टीलचे निशाण चढले. खाली हेनील नदीच्या काठी बोअब्दिलने फर्डिनांडच्या हाती किल्ल्या दिल्या. मग तो आपल्या कुटुंबासह डोंगराच्या वाटेने निघाला. जेथून शहराचे शेवटचे दर्शन होते त्या खिंडीत तो थांबला, मागे वळून पाहिले व त्याचे डोळे भरून आले. तेव्हा आईने, पुरुषासारखे राखता आले नाही त्यासाठी आता बाईसारखा रडतोस, असे त्याला सुनावले, अशी कथा सांगतात. त्या खिंडीला ‘मूराचा सुस्कारा’ हे नाव आजही आहे. ही कथा मागाहून रचलेली दिसते. तिच्यात एक अन्यायही आहे. बोअब्दिल दुबळा होता, अदूरदर्शी होता. राज्य बुडण्यात त्याचा वाटा मोठा आहे. परंतु त्या शेवटच्या दिवशी तो शरण गेला म्हणूनच ग्रानाडाच्या लोकांवर मालागाची पाळी आली नाही. अलपुहारा डोंगरात त्याला जहागीर मिळाली होती. तेथे त्याची पत्नी वारली. १४९३ मध्ये तो जहागीर विकून मोरोक्कोतील फेझ शहरी गेला. त्याच्या वंशजांना १६१८ च्या सुमारास अल-मक्करी ह्या अरब इतिहासकाराने फेझमध्ये पाहिले, तेव्हा ते लोकांच्या दानधर्मावर जगत होते.

१४९२ हे वर्ष एवढ्यावरच संपले नाही. ३१ मार्च रोजी अलहंब्रातूनच एक फर्मान निघाले: स्पेनमधील सर्व ज्यू लोकांनी ख्रिस्ती व्हावे, नाहीतर जुलै संपण्यापूर्वी देश सोडावा. १७ एप्रिल रोजी, त्याच सांता फे नगरात, पश्चिमेकडून हिंदुस्थानची वाट शोधू पाहणाऱ्या कोलंबसाशी राजाराणीने करार केला. युद्ध संपल्यामुळे पैसा व लक्ष दोन्ही मोकळी झाली होती.

आता तहाचे काय झाले? ग्रानाडाचा पहिला आर्चबिशप एर्नांदो दे तालावेरा हा सौम्य वृत्तीचा वृद्ध धर्मगुरू होता. लोकांची मने वळवावीत, बळजबरी करू नये, असे त्याचे मत होते. त्याने आपल्या धर्मोपदेशकांना अरबी शिकण्यास सांगितले व उतारवयात स्वतःही ती भाषा शिकू लागला. हे काम फार सावकाश चालले आहे असे इतरांना वाटले. १४९९ मध्ये सिस्नेरोस नावाचा बडा धर्माधिकारी तेथे आला. त्याने झपाट्याने धर्मांतरे घडवली आणि अरबी ग्रंथांचे ढीग भर चौकात जाळले. वैद्यकाचे ग्रंथ तेवढे बाजूला काढले. आल्बाईसीनमध्ये दंगा उसळला, डोंगरांत बंड झाले. मूरांनी बंड केले म्हणून तह रद्द झाला, असा अर्थ सरकारने लावला. तहभंगामुळेच बंड झाले, ही गोष्ट विसरली गेली. १५०२ मध्ये हुकूम सुटला: बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा. सह्यांची शाई वाळून अकरा वर्षेही झाली नव्हती.

बहुतेकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना मोरिस्को म्हणू लागले. पुढे १५६७ मध्ये त्यांची अरबी भाषा, त्यांचा पोशाख, त्यांची स्नानगृहे व त्यांची गाणीनाचही बंद करण्याचा हुकूम निघाला. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येझ मुलेय नावाचा एक वृद्ध मोरिस्को सरदार ग्रानाडाच्या न्यायाधिकाऱ्याकडे अर्ज घेऊन गेला. लहानपणी तो आर्चबिशप तालावेराच्या पदरी हुजऱ्या होता. त्याचा युक्तिवाद साधा होता. पूर्वेकडील देशांत ख्रिस्ती लोक अरबी बोलतात, मूरांसारखाच पोशाख करतात, तरी ते ख्रिस्तीच आहेत. मग भाषा आणि वस्त्र ह्यांत धर्म कोठून आला? शिवाय ज्या म्हाताऱ्या माणसांना दुसरी भाषा येतच नाही, त्यांनी बोलावे तरी कसे? अर्जाचा उपयोग झाला नाही. १५६८ मध्ये डोंगरांत पुन्हा बंड पेटले. ते मोडल्यावर मोरिस्कोंना ऐन थंडीच्या दिवसांत घराबाहेर काढून देशभर पांगवले. अनेकजण वाटेतच मरण पावले. १६०९ ते १६१४ ह्या काळात तर सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनमधूनच हाकलून दिले. त्यांचे पणजोबा ज्या तहाच्या भरवशावर घरी राहिले होते, तो तह त्यांच्या उपयोगी पडला नाही.

अलपुहाराच्या ओस पडलेल्या खेड्यांत उत्तर स्पेनमधून नवे लोक आणून वसवले. त्यांच्या मुलखात पाऊस भरपूर. पाटाच्या शेतीची त्यांना सवय नव्हती. म्हणून प्रत्येक गावात दोन मूर कुटुंबे मुद्दाम मागे ठेवली आणि त्यांनी नवागतांना पाट कसे राखावेत, पाळ्या कशा लावाव्यात हे शिकवले, असे त्या भागात सांगतात. पाटाला स्पॅनिश भाषेत आजही ‘आसेक्या’ हाच अरबांकडून आलेला शब्द आहे. ज्या वेला बुरुजावर २ जानेवारीला क्रूस चढला, तेथे पुढे एक मोठी घंटा बसवली. रात्री ठराविक वेळी तिचे टोल पडत. ते वेगाच्या शेतांत दूरवर ऐकू जात आणि शेतकरी त्या टोलांवरून आपली पाळी ओळखून, कंदील घेऊन उठत व मूरांनी खणलेल्या पाटांचे पाणी आपल्या वाफ्यांकडे वळवीत.